माहेरच्या नावाच्या बारा बाया

तर सिंधूताईनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून सुपात ठेवला, इथवर आपण काल आलो होतो. सुपात तुरीची डाळ होती. गीताबाई डाळ निवडत होती आणि सिंधूताई तिच्यासमोर पाटावर बसली होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "त्या दिवसाचं काही सांगावंसं वाटतं का, बाई?" आणि गप्प झाली. आता गप्प म्हणजे किती गप्प, ते गीताबाईच्याच तोंडून ऐका. मला तिनंच सांगितलं आहे.

"आबा, माही डाय निवडून झाली, तरी सिस्टर आपली बसून. मंग म्या निवडलेली डाय पुन्हा निवडली. तरी बसूनच! मले वाटलं, डोये उघडे ठेवून झोपली बाप्पा. थकेलच असते ते."

दुसऱ्यांदा डाळ निवडता निवडता गीताबाईच्या तोंडून निघालं, "पोरगा होता वं. मले दाखवला बी नाही." एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एकतीस वर्षांत तिला कोणी विचारली नव्हती.

गीताबाई हे तिचं सासरचं नाव नाही आणि माहेरचंही नाही. ते मी ठेवलं. का ठेवलं ते पुढं येईलच.

आता सिंधूताई कोण, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. ती आमच्याकडची नाही. जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाची, दुसरबीडची. आमचं गाव सोनाळ्यापासून पाच किलोमीटर, घराच्या मागून सातपुडा दिसतो. आम्ही 'मले' म्हणतो, ती 'मला' म्हणते. सत्तावीस वर्षांपूर्वी ती आमच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून आली. सरकारी खोलीचं छप्पर गळत होतं, म्हणून आमच्या घराच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहायला आली, ती आजपर्यंत. नवरा जालन्याकडं कारखान्यात, महिन्यातून दोनदा येणार. लेक लग्न होऊन गेली. आल्या वर्षी मी तिला माझ्या मामाच्या बैलाची गोष्ट सांगितली होती. तो बैल लग्नाच्या मांडवात शिरला आणि नवरदेवाचा फेटा खाऊन गेला. ती हसून हसून खाली बसली होती. परवा परवा तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, तर म्हणाली, "सांगा आबा, पण हसायला लावू नका. तेवढा जोर नाही आज."

तिचा दिवस सकाळी आठला सुरू होतो. लसी, गरोदर बायांची तपासणी, गोळ्या, मग त्याच गोष्टी वहीत लिहायच्या, मग मोबाइलमध्ये भरायच्या, आणि मोबाइलला रेंज नसली की गच्चीवर जाऊन पुन्हा भरायच्या. सहा वाजता घरी येते आणि आमच्या पायरीवर बसते. चपलेचा पट्टा सोडायला वाकवत नाही म्हणून दहा मिनिटं तशीच बसून राहते. आमच्या घरून सुभद्राबाई मिठाच्या गरम पाण्याची बादली आणून ठेवते. सुभद्राबाई म्हणजे माझी बायको. दोघी फार बोलत नाहीत. बादली ठेवायची, पाय बुडवायचे, एवढंच.

ह्या अशा थकलेल्या बाईनं पुस्तकाचं काम कशाला अंगावर घेतलं?

झालं असं की शेगावला नर्सबायांचं प्रशिक्षण होतं. नर्सिंग कॉलेजच्या अर्पिता मॅडम शिकवायला होत्या. तरुण पोरगी, पण समजदार. आजाऱ्याशी कसं बोलावं, त्याला धीर कसा द्यावा, ह्यावरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांनी टेबलावर मांडून ठेवली होती. सिंधूताई शेवटच्या खुर्चीवर. एरवी तिथं बसून ती डुलकी काढते, हे तिनंच मला सांगितलं. पण त्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे, मृत जन्म. त्यात मी आकडा लिहिते. एक. त्या एकाच्या आईला मी आजवर कधी काही विचारलं नाही. त्याचा रकानाच नाही."

अर्पिता मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच विचारा. आम्ही मराठीत पुस्तक काढतो आहोत, नर्सेससाठी. एक प्रकरण तुमचं."

त्या कामाला गुणात्मक संशोधन म्हणतात. मला जे समजलं ते सांगतो. एक संशोधन मोजायचं असतं: इतक्या बाया, इतकी बाळं, शंभरातली इतकी. दुसऱ्यात मोजत नाहीत. बाईसमोर बसायचं, तिला तिच्या पद्धतीनं बोलू द्यायचं, तिचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा आणि मग त्यातून काय दिसतं ते पाहायचं. मी म्हटलं, "अरे, हे तर मी साठ वर्षं करून राह्यलो." सिंधूताई म्हणाली, "नाही आबा. तुम्ही बोलता. ह्यात ऐकायचं असतं." सुभद्राबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही, पण फुंकणी थांबली एवढं मला कळलं.

दोन वर्षांत सिंधूताई बारा बायांकडं गेली. कोणाचं बाळ पोटात गेलं, कोणाचं जन्मल्यावर आठ दिवसांत. कोणाला पाच वर्षं झाली, कोणाला पन्नास. प्रत्येक दारात बसण्याआधी ती एक गोष्ट बोलायची, "तुमचं नाव कोणाला कळणार नाही. हा माझा शब्द आहे." आणि हा शब्द साधा नव्हता, हे ध्यानात घ्या. आमच्या गावात सगळे मिळून दोन हजार डोकी. आमच्या बाया सिंधूताईला जे सांगतात ते सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. अंगावरून जातं, नवरा मारतो, पाळी चुकली, सगळं. ते का सांगतात? तर सत्तावीस वर्षांत तिच्याकडून एक बोल बाहेर गेला नाही म्हणून. एकदा गेला असता, तर पुन्हा कोणतीही बाई उपकेंद्रात गोळीशिवाय काही मागायला गेली नसती. आणि पाळी चुकलेली एखादी पोर विहिरीकडं गेली असती. सिंधूताई हे जाणून होती.

मॅडमनी दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की खरं नाव झाकायला टोपणनाव द्या, आणि शक्य तर ते त्या बाईलाच निवडू द्या. सिंधूताईनं तसंच केलं. "बाई, पुस्तकात तुमचं कोणतं नाव टाकू?" आणि तिला मोठा आनंद वाटायचा की एकही बाई अडखळत नाही. विचारलं की नाव तयार. मला एकदा म्हणाली, "आबा, ह्या बाया किती हुशार आहेत. मनानं नाव काढायला मला दोन दिवस लागले असते."

संध्याकाळी पाय बादलीत आणि कानात ते वायरचे बोंडुक घालून ती बायांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायची आणि लिहायची. एका मिनिटाचं बोलणं लिहायला दहा मिनिटं लागत. पुष्कळदा पेन हातातच राहायचा आणि मान खाली पडायची. मग सुभद्राबाई येऊन बादली काढून घ्यायची.

होळीच्या आधी छापायची कच्ची पानं आली. सिंधूताईनं ती माझ्याकडं आणून दिली. "आबा, शुद्धलेखन पाहून द्या. माझे डोळे फिरले. नावं बदललीत, गाव काढलंय, मोकळ्या मनानं वाचा." मी जुना सातवी पास. आमच्या गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ माझ्या बोटांवर पट्टीनं शिकवलं होतं, ते अजून विसरलो नाही. गावात पत्र लिहायचं, लग्नपत्रिका तपासायची, तर माझ्याकडंच येतात.

मी ओट्यावर ऊन धरून बसलो, चष्मा लावला, लाल पेन घेतला. पहिल्या बाईचं नाव वाचलं आणि मला हसू आलं. दुसरीचं वाचलं, हसू थांबलं. तिसरीचं वाचून मी पेन खाली ठेवला.

आता आमची रीत ऐका. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात तिचं नवं नाव काढतो. त्या दिवसापासून माहेरचं नाव संपलं. ते फक्त माहेरी उरतं, आणि आई-बाप गेले, भाऊ वेगळे झाले की तिथंही उरत नाही. माझी आई माहेरची गंगू होती. सासरी ती रुक्मिणी झाली आणि रुक्मिणी म्हणूनच गेली. तर सिंधूताईनं "कोणतं नाव टाकू" म्हटल्यावर बाराच्या बारा बायांनी एकच केलं. कोणीही कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीनं माहेरचं नाव दिलं.

सिंधूताई दुसरबीडची. तिला ती नावं नवीन. पण मी? साठ वर्षांत ह्या गावातून निघालेल्या एकूण एक वरातीत मी आहे. टुणकीहून कोण आली, वरवटहून कोण आली, मुलगी पाहायला कोण गेलं, चहात साखर जास्त पडली होती की कमी, सगळं मला पाठ. तांदळाच्या ताटाभोवतीच्या गर्दीत मी पहिल्या रांगेत असायचो, कारण नवरदेव लाजला की त्याच्यावर बोलायला मीच लागायचो. ती बारा नावं माझ्यासमोर नव्हतीच. माझ्यासमोर बारा घरं होती, दारासकट.

आणि सातवी बाई.

ते नाव मी इथं सांगणार नाही. तसं घरी कबूल केलं आहे. एवढंच सांगतो की एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ताटातल्या तांदळावर 'सुभद्रा' लिहिणारा हात माझा होता.

सातवी बाई पुस्तकात असं बोलली होती:

"पोरगी होती. तीन दिवस राह्यली. तिसऱ्या दिवशी सांजीले गेली. हे नेऊन आले, हातपाय धुतले अन् ओट्यावर जाऊन बसले. पाव्हणे होते. याईनं त्याईले यष्टीच्या कंडक्टरची गोष्ट सांगतली. समदे हासले. म्या आतून आयकलं. मानूस वाईट नाही. मले कधी बोट लावलं नाही. पण तिच्याबद्दल एक शबुद बोलले नाही. म्या वाट पाह्यली. पह्यले दिवाळीलोक पाह्यली, मंग दुसरं लेकरू झालं तवरोक पाह्यली. आता नाही पाहत."

अकरा ओळी. त्या पानावर शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी एकही काढली नाही.

कंडक्टरची गोष्ट मला आठवते. चांगली गोष्ट आहे. त्या दिवशी घरात इतकं जड झालं होतं की कोणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे, असं मला वाटलं. मला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात मोतीराम आला. मोतीराम माझा लंगोटीयार, सकाळ-संध्याकाळ ओट्यावर.

"काय बे पुंजाजी, काय वाचून राह्यला? मॅट्रिकले बसतं का काय?"

"सरकारी कागद हाय."

"सरकारी कागद वाचून चश्मा काऊन पुसून राह्यला?"

"धूळ हाय बे."

"ओट्यावर धूळ नाही. सांग ना. तुह्या पोटात कधी काई राह्यलं का?"

खरं बोलला तो. आणि त्या पानांत त्याच्या सख्ख्या भावजयीची गोष्ट होती, चौथी. बारा गोष्टी, एकापेक्षा एक, ज्या गावातल्या कोणाला माहीत नाहीत. त्यांच्यावर मी वर्षभर ओटा गाजवला असता. मी पानं पिशवीत घातली, पिशवी मांडीखाली घेतली आणि म्हटलं, "मोतीराम, आज तू सांग. मी ऐकतो." तो घाबरला. म्हणाला, "ताप-बिप तं नाही ना बे आला?"

सहाला सिंधूताई आली, पायरीवर बसली. मी तिच्या पायाशी पिशवी ठेवली आणि सांगितलं. सगळं एका दमात. बारा नावं बारा घरांची आहेत, मी बाराच्या बारा ओळखली, आणि मी ओळखली तर माझ्या वयाचं गावातलं कोणीही ओळखील, माहेरचं तर कोणीही.

तिनं खांद्यावरची बॅग काढली नाही. लसीचा डबा हातातच होता.

"मला वाटलं, मनानं काढलेली नावं."

"नाही ना ताई."

"बाराही?"

"बाराही."

तिनं डबा पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "मी विचारायला पाहिजे होतं, आबा. इतक्या झटकन नाव येतं ते कुठून येतं, हे मी विचारायला पाहिजे होतं. मी खूश झाले." मग म्हणाली, "सातवी पण वाचली तुम्ही?"

"वाचली."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बादली आली होती, तिच्यातून वाफ निघत होती. सुभद्राबाई ती ठेवून आत निघून गेली. सिंधूताईनं पाय बुडवलेच नाहीत.

तिनं अर्पिता मॅडमला फोन लावला. मॅडम भल्या. म्हणाल्या, छपाईला बारा दिवस आहेत, घाबरू नका, आपणच नावं बदलून टाकू, क, ख, ग करा, काहीही करा. सिंधूताई म्हणाली, "मॅडम, नावं त्यांनी निवडलीत. त्यांना न विचारता काढली, तर मी पुन्हा तेच केलं ना, जे ताटात झालं." मॅडम म्हणाल्या, "सिंधूताई, तुम्ही किती थकलेल्या वाटता." ती म्हणाली, "हो."

आणि ती पुन्हा बारा दारांत गेली. उन्हाळा लागला होता. दोघी सोनाळ्याला लेकाकडं राहायला गेल्या होत्या, एक शेतात वस्तीवर. ड्यूटी झाली की निघायची. मी म्हटलं, सोबत येतो. म्हणाली, "तुम्ही तर अजिबात नको." दारात बसून ती खरं तेच सांगायची: माझी चूक झाली, एका वाचणाऱ्यानं नाव ओळखलं, तुम्ही म्हणाल तसं करते. नाव बदला म्हणाल तर बदलते, सगळंच काढून टाका म्हणाल तर काढते.

आता कोणी वाचलं ते तिनं सांगितलं नाही. पण गाव आहे. चौथ्या दिवशी सकाळी गीताबाई माझ्या ओट्यासमोर उभी. कमरेवर हात.

"काहो आबा, तुमीच ना?"

"काय मीच?"

"वाचणारे! गावात लाल पेन कोणाजवय हाय दुसऱ्याजवय?"

मी म्हटलं, "गीताबाई, माह्या तोंडून कोणाले काई गेलं नाही. गजानन महाराजाची आण."

"महाराजाले काऊन मधात ओढता? मले माहीत हाय, नाही गेलं. गेलं असतं तं मोतीराम भाऊजी काल माह्या दारावरून गप्प गेले असते काय?" मग ती ओट्याच्या कडेला टेकली. आवाज खाली आला. "सिस्टर म्हन्ते, नाव बदला. म्या म्हनलं, नाही बदलत. माह्या बापानं ठेवलेलं हाय. कोणी त्या नावानं हाक मारून मले अठरा वर्सं झाले, भाऊ गेला तवापासून. आता छापून येऊन राह्यलं होतं तं येऊ द्या."

"सुनेले कळन ना. लेकाले."

"कळू द्या! तवा कोणी पुसलं नाही, आता पुसतीन."

"मंग सिस्टर काय म्हणाली?"

"काय म्हन्ते? गप्पच बसली. तिले तेवढं येते." गीताबाई हसली आणि पदरानं तोंड पुसलं. "लय वेळ बसली. मंग म्याच म्हनलं, जाऊ दे बाई, तुह्या शबुदाचं पाप मले नको. बकरीचं नाव टाक. चांदणी. माह्या बकरीले कोणी ओळखलं तं ओळखू दे."

ती पुस्तकात चांदणी आहे. आणि तिनंच मला म्हटलं, "सुपाची गोष्ट सांगा कोणाले बी, मले काई लाज नाही, पण नाव तुमच्या मनानं लावा." म्हणून गीताबाई.

सगळ्या अशा हसून सुटल्या नाहीत. दोघींनी सगळंच काढायला लावलं. एकीनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, पाहुणे आहेत, आणि घरात कोणीही नव्हतं. दोन आठवडे उपकेंद्रात बाया येत, गोळ्या घेत आणि निघून जात. बाकावर बसून "सिस्टर, एक सांगू का" म्हणणारी एकही नाही. सिंधूताई पाच वाजेपर्यंत खुर्चीत बसून दाराकडं पाहायची. मी एकदा दम्याची गोळी आणायला गेलो तर म्हणाली, "आबा, सत्तावीस वर्षं लागली होती बाकावर माणूस बसवायला."   मी घरी येईपर्यंत बोललो नाही, मोतीराम साक्षीला आहे.

आमच्या घरी ती सर्वांत शेवटी आली. अकराव्या दिवशी, दुपारी. मी ओट्यावर होतो. ती माझ्यासमोरून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं. दाराला फट आहे, ऐकायचं असतं तर ऐकता आलं असतं. मी उठून लिंबाखाली जाऊन बसलो. तिथून फक्त भांड्याचा आवाज येतो. तोही बराच वेळ आला नाही. दीड तासानं सिंधूताई बाहेर आली. डोळे लाल, पण ते तिचे नेहमीच लाल असतात. मला "येते आबा" म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन झोपली. सुभद्राबाईनं त्या दिवशी ज्वारीच्या भाकरी केल्या, मेथी केली. जेवताना मी काही बोललो नाही. तिनं एकदा मला विचारलं, "मीठ कमी हाय का?" मी म्हटलं, "नाही." तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मी गप्प जेवतो हे तिनं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुस्तक जूनमध्ये आलं. निळं कव्हर, बारीक अक्षर. सिंधूताईचं प्रकरण बाराऐवजी नऊ बायांचं झालं. अर्पिता मॅडमना वाटलं, जरा बारीक झालं. पण सिंधूताईनं शेवटी एक पान नवीन जोडलं आहे. त्यात तिनं आपली चूक लिहिली आहे, जशी झाली तशी: मी ह्या भागातली नव्हते, मला नावं नवीन वाटली, मी खूश झाले आणि विचारलं नाही. ज्या नर्सेस हे काम करतील त्यांनी टोपणनाव मागितल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा, 'ह्या नावानं तुम्हाला कोणी कधी हाक मारली आहे का?' आणि पुढचं उत्तर येईपर्यंत थांबावं. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकात ते पान मोठं आहे. शुद्धलेखनाची चूकही नाही त्यात, ते मी पाहिलं आहे.

बाकावर बाया पुन्हा बसायला लागल्या. आधी एक, टुणकीहून नवीन आलेली सून, जिला हे काही माहीत नव्हतं. मग दुसरी. सिंधूताईचा थकवा होता तिथंच आहे. दोन वर्षांत निवृत्त होईल, तोपर्यंत असाच चालेल.

पुस्तकात सातव्या बाईला नाव नाही. सगळ्यांना आहे, तिच्या जागी नुसतं 'सातवी' लिहिलं आहे. अकरा ओळी तशाच आहेत, खाली एका ओळीत लिहिलं आहे की ही मुलाखत बावन्न मिनिटांची होती. मी ती ओळ पुष्कळदा वाचली. अकरा ओळी वाचायला मला एक मिनिट लागतं. म्हणजे एक्कावन्न मिनिटं अशी आहेत, जी सिंधूताईच्या मोबाइलात आहेत आणि माझ्याजवळ नाहीत.

मी आठ दिवस थांबलो. मग एका संध्याकाळी ती पायरीवर बसली होती, पाय बादलीत, डोळे मिटलेले. सुभद्राबाई मागं गाईला पाणी पाजत होती. मी खाली सरकलो आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, नाव नको. काही नको. सातवी आणखी काय बोलली, तेवढं सांग. पोरीचं काही बोलली का? तिनं तिचं काही नाव ठेवलं होतं का? मी कोणाले सांगणार नाही, तुले माहीत हाय."

सिंधूताईनं डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, झोपली. मीही गप्प राहिलो, जितकं मला राहता आलं तितकं, आणि तेवढ्यात पाणी कोमट झालं असेल. मग ती बोलली. तिचा शब्द न् शब्द मी उतरवून घेतला आहे:

"आबा, ती कोण, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण जी कोणी असंल, तिला ते तुम्हाला सांगायचं असतं, तर तुम्ही काय तिच्यापासून लांब राहता का?"